ताटात काय, पोटात काय

पंचगंगा घाटावर गळ टाकून बसलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर एकच प्रश्न पुरतो. गळाला काय लावलंय? कुणी गांडूळ सांगतं, कुणी कणकेची गोळी, कुणी नुसतंच डब्याकडे बोट दाखवतं. मग गप्पा सुरू होतात.

अशाच एका संध्याकाळी सत्तरी ओलांडलेल्या एका भोई मामांना मी विचारलं, "मामा, खडसाला काय लावायचं?"

ते हसले. "खडस हितं कुठला आला रं आता? वर धरणाकडं असला तर असंल."

"पण लावायचं झालं तर? त्याला आवडतं काय?"

"कवाचं इचारतोयस? उन्हाळ्यातलं का पावसाळ्यातलं? डोहातलं का खळाळातलं? उंबराखाली बसलाईस का उघड्यावर? समदं येगळं असतंय बाळा."

तेव्हा मला वाटलं, मामांनी उत्तर टाळलं. पुढे खडसाबद्दल हाताला लागेल ते वाचत गेलो, जुने लेख, शिकाऱ्यांची पुस्तकं, माशांच्या याद्या. सगळं वाचून झाल्यावर लक्षात आलं की दोनशे वर्षांत या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर मला घाटावरच मिळालं होतं.

नाव भोयांचं, शिक्का साहेबाचा

खडस म्हणजे दख्खनचा महाशीर. कुठे त्याला खडशी म्हणतात, कुठे खवल्या. मोठे खवले, जाड ओठ आणि धावत्या पाण्याची ओढ असलेला हा कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला मासा. शास्त्रीय नाव टॉर खुद्री. यातलं 'खुद्री' लॅटिन नाही. ते मराठीच आहे, फक्त एका इंग्रजाच्या कानातून जाऊन आलेलं.

त्या इंग्रजाचं नाव विल्यम हेन्री साइक्स. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर दख्खन कंपनीच्या हातात आलं आणि १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्याला या मुलखाचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' नेमलं. लोकसंख्या, पिकं, जमिनी, वजनमापं, पाऊस, सगळं मोजायचं काम. ते करता करता त्यानं पक्षी आणि मासेही नोंदवले. इंग्लंडला परतल्यावर १८३९ च्या सुमारास त्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं मांडली आणि १८४१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या ग्रंथात चाळीसहून जास्त माशांचा सचित्र लेख छापून आला. खडसाचा नमुना त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता.

त्याच्या यादीतली नावं मोठ्यानं वाचून बघा. नुक्ता, पोटैल, कोलूस, सांडखोळ, शिंगाळा. विज्ञानाच्या दप्तरात ही नावं आजही आहेत, कारण साइक्सनं नदीकाठच्या लोकांना 'याला काय म्हणता?' असं विचारलं आणि ऐकू आलं ते लिहून घेतलं. नाव सांगणाऱ्या एकाही माणसाचं नाव मात्र आज आपल्याला ठाऊक नाही.

साइक्स हाडाचा मोजणारा माणूस. लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी १८३४ मध्ये उभी करणाऱ्यांत तो होता, पुढे तिचा अध्यक्षही झाला. पण माशाच्या बाबतीत त्या काळचा नियम वेगळा होता. परातले काटे किती, खवले कसे, मिश्या किती, रंग कोणता, हे लिहायचं. मासा म्हणजे एक वस्तू, आणि तिची ओळख पटवायची. ती काय खाते हा प्रश्न ओळख पटवण्याच्या कामाचा नव्हता.

गळ्यातले दात

तो प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला तो शिकाऱ्यांनी. त्यांचा स्वार्थ उघड होता. मासा काय खातो हे कळल्याशिवाय तो गळाला लागत नाही.

मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस दक्षिण कानडा जिल्ह्यात होता. त्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये निघालं. त्यात महाशीरला मानाचं पान आहे. थॉमसला कोडं होतं ते या माशाच्या तोंडाचं. महाशीरच्या जबड्यात दातच नसतात. ओठ चामड्यासारखे, तोंड नळीसारखं पुढे येणारं. आणि हाच मासा खेकडा कवचासकट फोडतो.

उत्तर गळ्यात आहे. महाशीर हा रोहू-कटल्याच्या घराण्यातला, आणि या घराण्याचे दात घशात असतात. महाशीरच्या घशात दोन्ही बाजूंना दातांच्या तीन तीन ओळी. तोंड फक्त ओढून घ्यायचं काम करतं, दळण आत होतं. त्यामुळे ह्या एका माशाला दगडावरचं शेवाळ, चिखलातली अळी, शंखातली गोगलगाय, काठावरून पडलेलं उंबर, खेकडा, बारकी मासळी, सगळं चालतं. पिल्लं मुख्यतः पाण्यातले किडे आणि शेवाळावर वाढतात. अंग भरलं की घास मोठा होत जातो.

शिकाऱ्यांच्या आमिषांची यादी त्यामुळे गमतीची आहे. हिमालयातल्या नद्यांवर चमच्यासारखी चकाकती पाती ओढायची, कारण ती पळत्या माशासारखी दिसते. कावेरीवर नाचणीच्या उकडलेल्या पिठाचा गोळा. आणि आपल्याकडे देवाच्या डोहात चिरमुरे. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडला किंवा इंद्रायणीकाठच्या देहूला महाशीर देवाचे म्हणून राखले गेले. वाळणकोंडला भाविक चिरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पाण्यावर तोंडं काढून ते खातात.

आता या माशाची 'आवड' काय लिहायची? पत्रा, नाचणी की चिरमुरे?

इथे मामांचं बोलणं पुन्हा आठवतं. कुठं बसलाईस ते आधी सांग.

पोट फाडून काय दिसतं

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी हा प्रश्न हातात घेतला आणि पद्धत सरळ ठेवली. मासा पकडा, पोट फाडा, आत काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. देशभरात महाशीरच्या वेगवेगळ्या जातींवर असं काम झालं. निष्कर्ष मात्र एकमेकांशी भांडतात. एका नदीतला महाशीर शाकाहारी निघतो, दुसरीतला किडे खाणारा, तिसरीतला मासे खाणारा. कुठल्याही अभ्यासकानं खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येकानं आपल्या नदीतल्या माशाच्या पोटात जे होतं तेच लिहिलं.

शिवाय पोट हा तसा भरवशाचा साक्षीदार नव्हे. मुळात महाशीरला आपल्यासारखं जठरच नसतं. अन्ननळी संपली की थेट आतडं. अन्न तिथे पोचतं तेव्हा घशातल्या दातांनी त्याचा भुगा केलेला असतो. मऊ अळी तासाभरात विरघळते, खेकड्याचं कवच आणि शंखाचे तुकडे मागे राहतात. सकाळी दहा अळ्या आणि काल रात्री एक खेकडा खाल्लेला मासा दुपारी फाडला तर तो खेकडेखाऊ ठरतो. गळानं पकडलेल्या माशाच्या पोटात आपणच दिलेलं आमिष सापडतं, ते वेगळंच.

पण याहून मोठी अडचण दुसरी आहे. समजा माशाच्या पोटात शंभरातले चाळीस घास खेकड्याचे निघाले. म्हणजे त्याला खेकडा आवडतो का?

तुमच्या मित्राला लग्नाच्या पंगतीत बसलेला डोळ्यांसमोर आणा. त्यानं सहा जिलब्या खाल्ल्या. जिलबी त्याचा जीव की प्राण, असं म्हणाल? त्याआधी ताटाकडे बघावं लागेल. वाढपी फक्त जिलबीच घेऊन फिरत असेल, तर तो बिचारा आणखी काय खाणार? जिलबी एकदाच वाढून गेली आणि तरी त्यानं मागून मागून सहा खाल्ल्या, तर मात्र ती आवड.

व्हिक्टर इव्हलेव्ह या रशियन शास्त्रज्ञानं नेमकी हीच गोष्ट गणितात बसवली. माशांच्या खाण्यावरचं त्याचं पुस्तक १९५५ चं, इंग्रजीत आलं १९६१ मध्ये. त्याचं सूत्र शाळेतल्या गणिताइतकं सोपं आहे. एखाद्या खाद्याचा पोटातला वाटा घ्या, पाण्यातला वाटा घ्या. दोन्हींच्या वजाबाकीला दोन्हींच्या बेरजेनं भागा. उत्तर उणे एक ते अधिक एकच्या मध्ये येतं.

उदाहरणापुरते आकडे धरू. पोटात खेकडा ४० टक्के आणि नदीत १० टक्के. ३० भागिले ५०, म्हणजे अधिक ०.६. मासा खेकडा शोधून खातोय. आता पोटात ४० आणि नदीतही ४०. उत्तर शून्य. मासा काही निवडत नाही, समोर येईल ते गिळतोय. आणि पोटात ४०, नदीत ७० असेल तर उत्तर उणे. खेकडा एवढा मुबलक असूनही मासा तो टाळतोय. तिन्ही वेळा पोट सारखंच आहे. अर्थ तीन निघाले.

म्हणजे भक्ष्य 'निवडलं' असं म्हणायला दोन यादया लागतात, एक पोटाची आणि एक ताटाची. शिकाऱ्यांनी आमिषाची यादी केली, शास्त्रज्ञांनी पोटाची. ताटाची यादी, म्हणजे त्या दिवशी त्या जागी नदीत काय काय होतं, हे मोजणं सगळ्यात कंटाळवाणं काम. ते फार कमी ठिकाणी झालं. मामांनी मला विचारलेले प्रश्न, हंगाम कोणता, डोह का खळाळ, काठावर झाड कोणतं, हे सगळे ताटाचेच प्रश्न होते.

आमच्या नदीचं ताट

आता कोल्हापूरकडे येतो, कारण माझी खरी टोचणी इथे आहे.

१९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये कलावर आणि केळकर या दोघांचा 'कोल्हापूरचे मासे' या नावाचा इंग्रजी लेख छापून आला. आमच्या भागातल्या माशांबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. पण ती यादी आहे जेवणाऱ्यांची. ताटाची तशी नोंद त्या काळातून मला मिळाली नाही. आणि ताट बदललं ते त्याच काळाच्या मागेपुढे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती. या पाच मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं काम छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलं. त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही, १९५० च्या दशकात झालं. पुढे तुळशी, कासारी, कुंभीवरही धरणं आली. आणि खाली नदीभर बंधारे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हा शब्द महाराष्ट्रभर चालतो, तो आमच्या गावाच्या नावाचा. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरला की बर्गे टाकायचे, पाणी अडवायचं, आणि पुढचा पाऊस लागायच्या आत बर्गे काढून पुराला वाट द्यायची. युक्ती स्वस्त आणि हुशारीची आहे. या पाण्यावर आमच्या पिढ्या शिकल्या, माझीही. त्या बंधाऱ्यांना शिव्या घालण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पण नदीच्या ताटाकडे बघा. बर्गे बसले की बंधाऱ्यामागचं पाणी साचतं आणि खळाळ बुडतो. खळाळ म्हणजे दगडगोट्यांवरून फेसाळत जाणारं उथळ पाणी. त्या पाण्यात प्राणवायू भरपूर, म्हणून दगडांच्या खाली मेफ्लायच्या अळ्या, वाळूच्या कणांचं घरटं अंगाभोवती बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या, खेकड्यांची पिल्लं, चिकटून बसलेल्या गोगलगायी. खडसाच्या पिल्लांचं हे स्वयंपाकघर. आठ महिने ते संथ पाण्याखाली गेलं की दगडांवर गाळ बसतो आणि दगडाखालची वस्ती उठते.

पावसाळ्यात बर्गे निघतात, खडसाला वर चढायला वाट मोकळी होते, हेही खरं. हा मासा पुराच्या पाण्यात वर जाऊन गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. पण बंधारे पार करून गेला तरी शेवटी धरणाची भिंत आहे, तिथे बर्गे नसतात.

मग काठ. उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज ही काठाची झाडं. उंबर पिकलं की फळं टपाटप पाण्यात पडतात, आणि प्रत्येक फळाच्या आत किडे असतातच. माशाला एका घासात दोन पदार्थ. ऊस जसजसा पाण्यापर्यंत सरकला तसतशी ही झाडं कमी झाली. उसाचं पाण्यात काही पडत नाही. पडलंच तर खताचं आणि औषधाचं पाणी.

आणि शेवटी गटार. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी नदीत आली की तिच्यावर जीवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. उन्हाळ्यात प्रवाह मंदावलेला असतो. इचलकरंजीच्या खाली, शिरोळ तालुक्यात बंधाऱ्यांजवळ मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो, फोटो फॉरवर्ड करतो. पण मासा मरतो तो सगळ्यात शेवटी. त्याच्या खूप आधी मेफ्लायची अळी गेलेली असते. ती मेली म्हणून बातमी होत नाही. अशा पाण्यात उरतात त्या लालभडक अळ्या. त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. अशा ठिकाणच्या एखाद्या माशाचं पोट उद्या फाडलं आणि त्यात नुसत्या लाल अळ्या निघाल्या, तर 'या माशाला लाल अळ्या आवडतात' असं कुणी लिहू नये. वाढपी दुसरं काही घेऊन फिरतच नाही.

जागा रिकामी राहत नाही. भारतात १९५२ मध्ये आणलेला आफ्रिकेतला तिलापिया, आमच्याकडची चिलापी, संथ आणि मळक्या पाण्यात मजेत राहतो. मासळीवाल्याच्या पाटीत आज तीच जास्त दिसते.

सगळं खाणारा वाचला

या गोष्टीत एक आनंदाचा तुकडाही आहे, आणि त्याच्या पोटात एक काळजी.

१९७० च्या सुमारास राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला खडसाच्या प्रजननावर काम केलं. त्याची अंडी, पिल्लं, वाढीचे टप्पे यांच्या बारीक नोंदी प्रसिद्ध केल्या. टाटांच्या वळवण धरणाजवळच्या केंद्रात कृत्रिम पद्धतीनं पिल्लं वाढवायला सुरुवात झाली आणि पुढची पन्नास वर्षं ती तलावांत, नद्यांत सोडली गेली, इतर राज्यांतही पाठवली गेली. जागतिक लाल यादीत २०११ मध्ये खडस 'धोक्यात' या वर्गात होता. पुढच्या मूल्यांकनात तो 'किमान चिंता' या वर्गात आला. २०२० मध्ये त्याच्या बातम्या झाल्या. माशाच्या बाबतीत असं क्वचित घडतं.

त्याला माणसाचे कष्ट कारण आहेतच, पण खडसाचं पोटही कारण आहे. पिल्लाला तलावात सोडा, नदीत सोडा, पुढ्यात येईल ते खाऊन ते जगतं. साइक्सच्या त्याच यादीतले नुक्ता आणि पोटैल लाल यादीत 'धोक्यात' नोंदवले गेले आहेत. नुक्त्याच्या नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असतो. त्याच्यासाठी ना शिकाऱ्यांनी पुस्तकं लिहिली, ना कुणी पन्नास वर्षं पिल्लं वाढवली.

आता काळजी. ही पिल्लं कावेरीतही गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. त्याची ओळख पटून त्याला टॉर रेमादेवी हे नाव मिळालं ते २०१८ मध्ये, आणि तोवर तो अतिधोक्यात गेला होता. संशोधकांनी गळकऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बाहेरून सोडलेला खडस वाढत गेला आणि तिथला मूळचा महाशीर घटत गेला. वाळू उपसा, धरणं, सुरुंग ही कारणं होतीच. सुरुंग आणि विष लावून मासे मारण्यावर १८९७ च्या कायद्यानं बंदी आहे, पण ती पाळली जाते असं कुणी म्हणणार नाही. त्यात हा एक पाहुणा पंगतीला बसला. कुठलंही ताट चालणारा मासा आपल्या घरी संकटात सापडतो तेव्हा तोच गुण त्याला वाचवतो. दुसऱ्याच्या घरी सोडला की तोच गुण यजमानाच्या मुळावर येतो.

म्हणून 'खडस वाचला' हे वाक्य मी जरा थांबून वाचतो. खडस ही जात वाचली, त्याचा आनंद आहे. पण पंचगंगेत त्याच्यासाठी काय वाढून ठेवलंय, याचं उत्तर लाल यादीत नाही. पिल्लं विकत आणून घाटावरून सोडता येतात. दगडाखालच्या अळ्या कुठल्या केंद्रात मिळत नाहीत.

बरणीतलं ताट

जुनं ताट कायमचं हरवलं का? थोडी आशा आहे, आणि ती ज्यांच्याकडे आपण शाळेच्या सहलीत नाकं दाबून बघतो त्या बरण्यांत आहे.

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेल्या शंभरहून जास्त वर्षांत गोळा केलेले गोड्या पाण्यातले मासे बरण्यांत ठेवलेले आहेत. २०२१ मध्ये तिथल्या लोयोला विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्या आतड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. ते शोधत होते प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या माशांत ते सापडले नाहीत. त्यानंतर दशकागणिक वाढत गेले. प्लॅस्टिक माशांनी निवडलं नव्हतं. ते पाण्यात आलं आणि पोटात गेलं. पण त्या वर्षी नदीत काय होतं हे पोटानं जपून ठेवलं.

आपल्याकडेही बरण्या आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण १९१६ पासून आहे, त्याचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत धूळ खात पडलेल्या कपाटांत गावच्या नदीतले मासे गाव आणि तारखेच्या चिठ्ठीसकट असतात. अशी बरणी फुटली, चिठ्ठी गळून पडली, किंवा जागा हवी म्हणून कपाट रिकामं केलं, की त्या वर्षीच्या नदीचं ताट गेलं. तुमच्या कॉलेजात असं कपाट असेल तर ते आहे एवढं तरी कुणाला तरी सांगा.

आणि आजचं ताट? ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. गुडघाभर पाण्यात दगड उचलून पालथा करायचा, खाली पांढरं ताट धरायचं, काय पळतंय ते मोजायचं, फोटो काढायचा, दगड होता तसा ठेवायचा. नदीची तब्येत तपासायला जगभर हेच करतात.

पावसाळ्यात आमच्या शहरात सगळ्यांच्या फोनवर एकच आकडा फिरत असतो, राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. कोल्हापुरातलं शेंबडं पोर हे आकडे सांगतं. पातळी इंचानं वाढली तरी मेसेज येतो. मोजायची आम्हाला सवय नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. फक्त नदी आमच्या घरात किती शिरली एवढंच आम्ही मोजतो.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा बंधाऱ्यावर बर्गे काढायचं काम चालू होतं. मामा काठावर उभे होते, गळ नव्हता. पाणी सुटलं, बंधाऱ्याखालचे दगड पुन्हा वाजायला लागले. मी खाली उतरून एक दगड उलटा केला. एक बारकं खेकडं तिरकं पळालं, आणि दगडाला चिकटलेली एक अळी, शेपटीला तीन धागे. मेफ्लाय. एकच.

मामांना वर येऊन सांगितलं. ते म्हणाले, "एक हाय न्हवं? मग लिहून ठेव."

लिहून ठेवलं. तारीख, जागा, दगड एक, अळी एक.